आठ रात्री, दोन माणसं आणि पाचला मावळणारा सूर्य

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही दोघं, ऑक्टोबरचा शेवट, हातात आठ रात्री. यादीत पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम आणि प्राग. पत्नीला चित्रं बघायची आहेत आणि कुठेतरी निवांत बसायचं आहे. तुम्हाला डोंगर आणि पानगळीचे रंग हवेत. आणि तुम्ही विचारताय, "या पाचांतलं नेमकं काय गाळू?"

गेली सोळा वर्षं लोकांच्या सहली आखून देणं हे माझं काम आहे, आणि या प्रश्नाला मी शहरांच्या नावांपासून कधीच सुरुवात करत नाही. आधी उजेड मोजते.

आठ रात्री म्हणजे पूर्ण दिवस सात. पहिला आणि शेवटचा दिवस विमानतळाच्या खात्यात जातो. ऑक्टोबरच्या शेवटी मध्य युरोपात उजेड असतो दिवसाला जेमतेम दहा तास. सात दिवसांचे झाले सत्तर. आता पाच शहरं म्हणजे चार वेळा मुक्काम हलवणं. बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, प्रवास करा, नवीन गावात हॉटेल शोधा, खोली तीनला मिळणार म्हणून बॅगा ठेवून बाहेर पडा. तुमच्या यादीतली अंतरं पाहता एका हलवण्याला सरासरी सहा तास लागतील, आणि हेही मी हात राखून सांगतेय. चोवीस तास तिथे गेले. उरले सेहेचाळीस, म्हणजे शहरामागे नऊ. पॅरिसला नऊ तास! त्यात एक पाऊस आला की संपलं.

तेव्हा खरा प्रश्न "काय गाळू" हा नाही. मुक्काम किती वेळा हलवायचा, हा आहे. आठ रात्रींत माझं उत्तर ठरलेलं आहे: दोनदा. तीन गावं, त्याहून एकही जास्त नाही. रात्रीच्या रेल्वेने गेलो तर उजेड वाचेल, असं तुम्ही म्हणाल. वाचतो. मला स्वतःला त्या गाड्या आवडतातही. पण तीन आठवड्यांच्या भटकंतीत एक रात्र नीट झोप झाली नाही तर चालून जातं. आठ रात्रींत तिची भरपाई दुसऱ्या दिवशीच्या उजेडातून होते.

आता तारखांचं बोलू, कारण तुम्ही नुसतं "ऑक्टोबरचा शेवट" लिहिलंय आणि इथे एकेका आठवड्याने चित्र बदलतं. मराठीत शरद म्हटलं की चांदणं आठवतं. तिथला हा ऋतू पानगळीचा, धुक्याचा आणि लवकर पडणाऱ्या अंधाराचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजता युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. म्युनिकमध्ये २० ऑक्टोबरच्या सुमाराला सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. ३० ऑक्टोबरला? पाचच्याही आत. दहा दिवसांत संध्याकाळ तासाहून जास्त अलीकडे सरकते. तास सकाळकडे गेलेला असतो, पण सुट्टीवरची जोडपी सातला उठून तो वापरतात असा माझा अनुभव नाही.

दक्षिण-पश्चिमेकडे हा फरक तितका बोचत नाही. स्पेनमधल्या सेव्हियात ३० ऑक्टोबरलाही सूर्य साडेसहाच्या जरा आधी मावळतो आणि हवा उबदार असते. म्हणून कुणी नोव्हेंबरचे दिवस घेऊन आलं आणि डोंगराचा आग्रह नसला, तर मी डोळे झाकून अंदालुसिया, म्हणजे स्पेनचा दक्षिण भाग सांगते: सेव्हियात मुक्काम, पाऊण तासाच्या रेल्वेवर कोर्दोबा, मग ग्रानादा. ग्रानादातल्या अलांब्रा किल्ल्यात नास्रिद महाल आहेत. त्यांत जाण्याची वेळ मात्र तिकिटावर छापलेली असते, आणि तिकीट काढताना पासपोर्टचा नंबर लागतो. ते आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. पण तुम्हाला पानगळ हवी आहे, तेव्हा हा पर्याय बाजूला ठेवते.

डोंगराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या मोसमात लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. आल्प्समधला उन्हाळी हंगाम कुठे ऑक्टोबरच्या मध्याला, कुठे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आटोपतो. बर्फाचा हंगाम उघडतो डिसेंबरच्या सुमाराला. मधल्या काळात रोपवे देखभालीसाठी बंद असतात आणि हॉटेलवाले स्वतः सुट्टीवर जातात. माझ्या धंद्यातल्या तिसऱ्या वर्षी मी आणि नवरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रियातल्या एका खोऱ्यात जाऊन बसलो होतो. सहल मीच आखलेली, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? रोपवेला कुलूप, गावात एकच खानावळ उघडी, आणि तिचंही स्वयंपाकघर आठला बंद. तीन दिवस आम्ही पत्ते खेळलो. कुणी आल्प्सचं नाव काढलं की नवरा अजूनही पत्ते पिसल्यासारखे हात करतो.

तुमच्या स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचं म्हणाल, तर तिथल्या बर्फाळ युंगफ्राउयोख खिंडीपर्यंत जाणारी रेल्वे वर्षभर चालते, हे खरं. स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. पण तिथे जाऊन डोंगर दिसेलच असं नाही. दोन रात्रींच्या मुक्कामात एकच पूर्ण दिवस मिळतो. त्या दिवशी ढग असले तर भरमसाट तिकीट काढून तुम्ही पांढऱ्या भिंतीकडे बघून याल. म्हणून माझा नियम असा की डोंगराला तीन रात्री द्यायच्या. दोन पूर्ण दिवस मिळाले की त्यातला बरा दिवस निवडता येतो. तीन देता येत नसतील, तर डोंगराच्या वाटेला जायचंच नाही.

रंगांबद्दलही एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून ठेवते. फोटोंत दिसणारं लालभडक जंगल बहुतेक वेळा उत्तर अमेरिकेतलं असतं. युरोपचा रंग मुख्यतः पिवळा आणि तांबूस: बीचचं झाड तांब्याच्या रंगाचं होतं, द्राक्षमळे पिवळ्यापासून गेरूपर्यंत जातात, आणि उंचावर लार्च सोनेरी होतो. लार्च म्हणजे युरोपातला असा एकमेव मूळचा सूचिपर्णी वृक्ष, जो हिवाळ्यात सगळी पानं गाळतो. बाकीच्या सूचिपर्णी झाडांच्या काळ्या-हिरव्या रांगांमध्ये तो पेटल्यासारखा दिसतो. त्याची वेळ म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. तुमच्याच तारखा.

म्हणून माझी मांडणी अशी: म्युनिकला उतरायचं, तिथे दोन रात्री. मग डोंगरासाठी बोल्झानो, तीन रात्री. शेवटी व्हेनिस, तीन रात्री, आणि तिथूनच परतीचं विमान. एका गावात उतरून दुसऱ्या गावातून निघायचं. परतीसाठी पुन्हा पहिल्या गावी जायचं नाही. दोनदा मुक्काम हलवण्यात दाराशी दार धरून तेरा तास जातील. उरले सत्तावन्न, म्हणजे गावामागे एकोणीस.

पॅरिस, रोम, प्राग तिन्ही गेली म्हणून हळहळ वाटेल. रोम आणि पॅरिसला प्रत्येकी पाच रात्री देता येतील तेव्हाच जा, एवढंच म्हणते. प्राग सुंदर आहे, पण या वाटेवर नाही.

म्युनिकचं फार सांगायला नको. लांबच्या प्रवासानंतर शरीराला वेळ द्यायला दोन रात्री. इंग्लिश गार्डनमध्ये चाला, आणि अर्धा दिवस आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयाला द्या. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०० साली काढलेलं स्वतःचं चित्र तिथे आहे, आणि पत्नी त्याच्यासमोरून लवकर हलणार नाही असा माझा अंदाज. सोमवारी ते बंद असतं.

म्युनिकहून बोल्झानोला थेट रेल्वे आहे, साधारण चार तासांची, ब्रेनर खिंडीतून. खिंड १,३७१ मीटरवर आहे आणि गाडी तिच्यावरूनच जाते, त्यामुळे तो दिवस वाया गेला असं वाटत नाही. या मार्गावर अधूनमधून दुरुस्तीची कामं निघतात आणि काही टप्पा बसने न्यावा लागतो. तारीख ठरली की वेळापत्रकात ते बघून घ्या.

बोल्झानो इटलीत आहे, पण त्याचं दुसरं नाव बोत्झेन, आणि गावातल्या साधारण चारातल्या एकाची भाषा जर्मन आहे. पाट्यांवर दोन्ही नावं असतात, म्हणजे स्टेशनवर गोंधळू नका. गाव जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर, चारी बाजूंनी द्राक्षमळे, वर डोंगर. हे गाव मी मुद्दाम निवडते, आणि त्याचं कारण तिथला रोपवे. गावातून रिटन पठारावर जाणारा रोपवे ही तिथली रोजची सार्वजनिक वाहतूक आहे. वर राहणारी माणसं त्याने कामाला ये-जा करतात, म्हणून पर्यटक आटोपले की तो आटोपत नाही. बारा मिनिटांत तुम्ही बाराशे मीटरवर पोचता. वर १९०७ पासून चालणारी एक चिमुकली रेल्वे आहे. तिने पुढे जाऊन मातीचे उंच सुळके बघता येतात, ज्यांच्या डोक्यावर एकेक दगड टोपीसारखा बसलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर समोर डोलोमाइट्स डोंगरांची रांग. दुसऱ्या दिवशी येनेझियनजवळच्या साल्टेन पठारावर जा. तिथे चढ फारसा नाही, कुरणं आणि लार्च, लार्च, लार्च. तुमचा हट्ट तिथे पुरा होईल.

आणि पाऊस पडला तर? पत्नीच्या निवांत बसण्याची सोय आणि ओट्झी. १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेला, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा तो माणूस इथल्या पुराणवस्तू संग्रहालयात ठेवलेला आहे. एका छोट्या खिडकीतून बघायचं असतं. त्याच्यापेक्षा त्याचे जोडे आणि गवताचा झगा मला जास्त वेळ धरून ठेवतात.

या भागात याच दिवसांत ट्योर्गेलेन नावाचा प्रकार चालतो. दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी एखाद्या शेतघरातल्या खानावळीत बसून नवी वाइन, भाजलेले चेस्टनट आणि तिथलं जेवण. मांस खात नसाल तर श्लुट्झक्राप्फेन मागा. पालक आणि चीज भरलेली अर्धचंद्राकृती करंजी म्हणा, उकडलेली. पालकाचे किंवा चीजचे क्न्योडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळेही मिळतात. शेतघरं लहान असतात, शनिवार-रविवारी स्थानिक लोकांनीच भरतात, तेव्हा आदल्या दिवशी हॉटेलमधून फोन करवून जागा धरून ठेवा. इथली अनेक हॉटेलं पाहुण्यांना बस आणि स्थानिक रेल्वेचा पास फुकट देतात. खोली घेण्यापूर्वी विचारा, मोटार भाड्याने घेण्याची गरजच पडत नाही.

बोल्झानोहून व्हेनिस बहुधा व्हेरोनाला गाडी बदलून, तीन-साडेतीन तास. व्हेनिसमध्ये राहायचं म्हणजे बेटावर राहायचं. पलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रेतल्या खोल्या स्वस्त असतात, आणि दोन रात्रींचे पैसे वाचवून लोक माझ्यावर उपकार केल्यासारखे सांगतात. पण दिवसाची गर्दी पाच-सहाला ओसरते, आणि अंधार लवकर पडणं जिथे फायद्याचं ठरतं असं हे एकच गाव. कालव्यांवर धुकं, रिकाम्या गल्ल्या, पावलांचा आवाज. त्यासाठीच जायचं.

पत्नीसाठी इथे तीन जागा: अकादेमिया चित्रसंग्रहालयात जॉर्जोनेचं ‘वादळ’, फ्रारीच्या चर्चमध्ये तित्सियानोचं मेरीचं स्वर्गारोहण, आणि स्कुओला ग्रांदे दी सान रोक्को, जिथे तिंतोरेत्तोने छत आणि भिंती भरून टाकल्या आहेत. मान मोडू नये म्हणून तिथे हातात आरसा घेऊन छत बघायची सोय आहे. या तिन्ही जागा एका दिवसात करू नका.

व्हेनिसला पाणी चढतं का, हे सगळेच विचारतात. हो, त्याचा हंगाम शरदापासूनच सुरू होतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी समुद्राच्या तोंडावरचे मोझे नावाचे अडथळे खऱ्या पुरासाठी पहिल्यांदा उचलले गेले आणि तेव्हापासून मोठे पूर बरेच आटोक्यात आले. पण भरती ११० सेंटिमीटरपर्यंत जाणार असा अंदाज असेल तेव्हा ते उचलतात, आणि सान मार्को चौक त्याहून बराच खोल आहे. म्हणून चौकात घोटाभर पाणी दिसू शकतं. भरतीचं पाणी आहे, काही तासांत उतरतं. पाणी न शिरणारे बूट नेलेत तर फोटो काढून पुढे जाल.

आतापर्यंतचं गोळा करून सांगते: तीन गावं, दोनदा मुक्काम हलवणं, डोंगराला तीन रात्री, आणि उतरायचं एकीकडे, निघायचं दुसरीकडून. आता कागदपत्रं आणि आरक्षणाचा क्रम.

तुम्हाला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) लागत असेल, तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरावर कधीच जाऊ नका, भेटीच्या तारखा मिळायलाच वेळ लागतो. प्रौढ माणसाची फी ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. इथे एक हमखास चूक होते. तुम्ही उतरणार जर्मनीत म्हणून लोक जर्मनीकडे अर्ज करतात. नियम असा आहे की जिथे सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. तुमच्या दोन रात्री जर्मनीत, सहा इटलीत. अर्ज इटलीकडे. रात्री समसमान असत्या तर जिथे आधी शिरणार तो देश. आणखी एक: १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपबाहेरच्या प्रवाशांची सीमेवर संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. शेंगेनमधल्या ज्या विमानतळावर तुम्ही पहिल्यांदा उतराल तिथेच ही रांग लागते, मग तुमचं पुढचं विमान का असेना. मधे विमान बदलणार असाल तर दोन-अडीच तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.

क्रम असा ठेवा. आधी तारखा, मग विमान, मग रद्द करता येतील अशा खोल्या, मग व्हिसा, आणि तो हातात आल्यावर परत न करता येणारी तिकिटं. लांब पल्ल्याच्या गाड्यांची सवलतीची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा म्युनिक-बोल्झानो पहिल्यांदा काढा. इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांचा दर ठरलेला असतो. त्यांची घाई नको. कागदी प्रादेशिक तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. दंड भरणारे प्रामाणिक लोक मी खूप पाहिलेत.

१ नोव्हेंबरला बव्हेरिया (म्युनिक ज्या राज्यात आहे ते) आणि इटली दोन्हीकडे सार्वजनिक सुट्टी असते. तो दिवस तुमच्या आठांत येत असेल तर शक्यतो व्हेनिसमध्ये येईल असं बघा. म्युनिकमध्ये दुकानं पूर्ण बंद असतात, रविवारसारखीच.

शेवटचं तुमच्या दोघांबद्दल. तुमच्या प्रश्नात "तिला हे हवं, मला ते हवं" असं दोनदा आलंय, आणि मी ते वाचून न वाचल्यासारखं करणार नाही. माझ्याकडे येणारी निम्मी जोडपी प्रत्येक गोष्ट एकत्रच करायची असं ठरवून निघतात आणि चौथ्या दिवशी संग्रहालयाच्या बाकावर एक जण मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला असतो. बोल्झानोत एक सकाळ वेगवेगळी घालवा. तुम्ही साल्टेनला चालायला जा, त्यांना गावातल्या कमानींखाली कॉफी घेऊन बसू द्या. दुपारी दोनला चौकात भेटा. दोघांकडेही सांगायला काहीतरी असेल, आणि ती रात्रीच्या जेवणाची गरज असते.

बॅगा प्रत्येकी एक, आणि ती स्वतःला उचलता येईल एवढीच. व्हेनिसमधल्या पुलांना पायऱ्या असतात. परतीचं विमान भल्या सकाळचं असेल तर खोली पियात्साले रोमा या बस सुटतात त्या चौकाच्या बाजूला, मधे पूल येणार नाही अशा ठिकाणी बघा. तिथून विमानतळाची बस वीस-पंचवीस मिनिटांत पोचवते. सान मार्कोजवळून जलबसने निघालात तर तासाहून जास्त धरावा लागतो, आणि सहाच्या अंधारात धक्क्यावर गारठून उभं राहावं लागतं.